बियाणे विकून पीक कसे यावे?

२९ मार्च २०२५ रोजी बंगळुरूच्या श्री कंठीरवा मैदानावर मुंबई सिटी या फुटबॉल संघाचा पाच विरुद्ध शून्य अशा गोलफरकाने पराभव झाला आणि इंडियन सुपर लीगमधील त्याचा २०२४-२५ चा मोसम संपला. विशेष म्हणजे अवघ्या अठरा दिवसांपूर्वी, ११ मार्चला, त्याच मैदानावर त्याच प्रतिस्पर्ध्याला दोन गोलांनी नमवून या संघाने सहावे आणि म्हणून बाद फेरीतील शेवटचे स्थान मिळवले होते. अठरा दिवसांत एखादा संघ इतका बिघडत नाही. मार्चअखेर जे दिसले ते दहा महिने आधीच ठरून गेले होते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

पराभव ही खेळात नवलाची बाब नव्हे. जगातील मातब्बर संघांनाही वाईट मोसम चुकलेले नाहीत आणि सहावे स्थान ही काही नामुष्की म्हणता येणार नाही. परंतु आकड्यांकडे पाहिले की चिंतेचे कारण उघड होते. २०२२-२३ च्या मोसमात मुंबई सिटीने साखळीतील वीस सामन्यांत चौपन्न गोल केले होते, लागोपाठ अठरा सामने अपराजित राहण्याचा विक्रम केला होता आणि साखळीची ढाल जिंकली होती. दोन वर्षांनंतर त्याच संघाने चोवीस सामन्यांत एकोणतीस गोल केले आणि अठ्ठावीस स्वीकारले. नऊ विजय, नऊ बरोबऱ्या, सहा पराभव, एकूण गुण छत्तीस. ज्या मोहन बागानला ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात, त्याच्याच प्रेक्षकांसमोर, तीन विरुद्ध एक असे हरवून मुंबईने करंडक पटकावला होता, त्या मोहन बागानने या मोसमात छप्पन्न गुणांसह ढाल राखली आणि पुढे करंडकही जिंकला. विजेता आणि पराभूत यांनी एका वर्षात जागा बदलल्या. हा बदल का झाला, याचे उत्तर मैदानावर शोधून सापडणार नाही. ते दोन मोसमांमधील त्या उन्हाळ्यात आहे, जेव्हा मैदाने ओस असतात आणि कचेऱ्यांमधून करारनाम्यांवर सह्या होत असतात.

त्या उन्हाळ्यात काय घडले? करंडक उंचावणारा कर्णधार राहुल भेके हा मुंबईतच वाढलेला खेळाडू. तो बंगळुरूला गेला. मध्यफळीचा सूत्रधार अल्बर्तो नोगेरा हाही बंगळुरूला गेला. अंतिम सामन्यात मुंबईचा पहिला गोल करणारा होर्हे परेरा दियाझ याने तोच मार्ग धरला. मिझोरामचा लालेंगमाविया राल्टे ऊर्फ अपुइया, ज्याच्याभोवती पुढील अनेक वर्षांचा संघ उभारता आला असता, तो मोहन बागानच्या गोटात दाखल झाला. ग्रेग स्ट्युअर्ट तर मोसम चालू असतानाच जानेवारीत मुंबई सोडून मायदेशी गेला होता. तोही उन्हाळ्यात मोहन बागानकडूनच भारतात परतला. या जागा भरण्यासाठी ब्रँडन फर्नांडिस, निकोस कारेलिस, योएल व्हान निफ असे गुणी खेळाडू आणले गेले. त्यांनी आपापल्या परीने कसूर केली असे नाही. पण गुणी माणसे एकत्र जमवणे आणि संघ घडवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीला पैसा लागतो, दुसरीला काळ लागतो. कंठीरवावरील त्या रात्री बंगळुरूचा पाचवा गोल परेरा दियाझने केला, हा केवळ योगायोग मानून सोडून देता येणार नाही.

एकदा घडते तेव्हा त्यास चूक म्हणतात. दुसऱ्यांदा घडते तेव्हा तिला पद्धत म्हणावे लागते. १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटीने सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली पहिल्यांदा करंडक जिंकला. साखळीची ढालही त्याच मोसमात मिळाली होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कर्णधार व गोलरक्षक अमरिंदर सिंग आणि मध्यफळीतील ह्यूगो बूमस हे दोघे अंतिम सामन्यात हरलेल्या कोलकात्याच्या संघाकडेच गेले. बार्थोलोम्यू ओग्बेचे हैदराबादला गेला आणि पुढल्या मोसमात तेथे सर्वाधिक गोल करून त्याने हैदराबादला करंडक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. लोबेरा यांनीही मुंबईचा निरोप घेतला. परिणाम असा की, दुहेरी विजेता संघ २०२१-२२ मध्ये पाचव्या स्थानावर घसरला. म्हणजे करंडक जिंकून देणारे दोन्ही कर्णधार विजयानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात संघाबाहेर पडले आणि दोन्ही वेळा पुढच्या वर्षी घसरण झाली. २०२१ चा धडा २०२४ मध्ये गिरवला गेला नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात तरी शहाणपण सुचेल अशी अपेक्षा होती. परंतु २०२१ आणि २०२४ या दोन्ही अंतिम सामन्यांत गोल करणारा मणिपूरचा बिपिन सिंग ईस्ट बंगालला गेला आणि बचावफळीचा आधार असलेला मेहताब सिंग मोहन बागानला. मुंबई-हावडा लोहमार्ग गोंदियावरून जातो. या मार्गावरून मालाची ने-आण दोन्ही दिशांना चालते, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. फुटबॉलच्या बाबतीत मात्र गेली काही वर्षे माल एकाच दिशेने, हावड्याकडे, भरून जात आहे आणि परतीच्या गाड्या बव्हंशी रिकाम्या येत आहेत.

धानाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पीक कितीही भरघोस आले तरी पुढील हंगामाचे बियाणे बाजूला काढल्याशिवाय कोठी विक्रीसाठी उघडायची नसते. चांगल्या वर्षी भाव चांगला असतो, व्यापारी दाराशी येतो, मोह होतो; पण जो बियाणेही विकतो त्याची त्या वर्षीची दिवाळी गोड होते आणि पुढच्या मृगात त्याला पऱ्ह्यांसाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागते. अर्थशास्त्रात चालू उत्पन्न आणि भांडवल यांत जो भेद केला जातो, तो याहून वेगळा नाही. फुटबॉल संघाचे खरे भांडवल कोणते? मैदान बहुधा भाड्याचे असते. नाव व बोधचिन्ह कागदावर असते. उरते ते अकरा माणसांना एकमेकांच्या पायातील चेंडूची जी जाण आलेली असते ती. ही जाण कोणत्याही एका खेळाडूच्या मालकीची नसते आणि कोणालाही ती विकत घेता येत नाही. पण तिच्यातील तीन-चार माणसे एकदम गेली तर ती नाहीशी मात्र होते. ताळेबंदात तिची नोंद नसल्याने तिचा नाश झाल्याचीही नोंद होत नाही. तो तोटा कळतो तो मार्चमध्ये, गुणतक्त्यावर.

व्यवस्थापनाची बाजू ऐकून न घेता निकाल देणे योग्य होणार नाही. विजयानंतर खेळाडूंचा भाव वाढतो आणि सर्वांना वाढीव मोबदला देणे कोणत्याही संघाला परवडत नाही. परदेशी खेळाडूंचे वय झालेले असते. त्यांना वेळीच निरोप देणे कित्येकदा शहाणपणाचे ठरते. तरुण खेळाडूला अधिक मोबदला मिळत असेल तर त्याला अडवण्याचा अधिकार कोणाला? हे तिन्ही युक्तिवाद खरे आहेत. परंतु ते या स्पर्धेतील प्रत्येक संघाला सारखेच लागू होतात. मोहन बागाननेही त्याच नियमांखाली आणि त्याच अनिश्चिततेत आपला गाभा शाबूत ठेवला, त्यात भर घातली आणि २०२३-२४ व २०२४-२५ अशी लागोपाठ दोन वर्षे ढाल राखली. तेव्हा परिस्थितीला दोष देऊन निर्णयाची जबाबदारी झटकता येत नाही.

तथापि, निर्णय घेणारे लोक अडाणी होते असेही म्हणता येणार नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपासून मुंबई सिटीचे पासष्ट टक्के भांडवल सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी समूहाकडे होते. मँचेस्टर सिटीसारखा संघ याच समूहाचा. खेळाडूंची पारख, प्रशिक्षणाचे शास्त्र, आकडेवारीचा उपयोग या बाबतींत जगात जे उत्तम ते त्याच्या हाताशी होते. त्याच्या काळात मुंबईने दोन करंडक व दोन ढाली मिळवल्या. एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ हा मान मिळवला. असे जाणते लोक बियाणे का विकतात, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर व्यक्तींपेक्षा व्यवस्थेत शोधले पाहिजे.

बटाईने जमीन कसणारा शेतकरी शेणखत टाकायला का कचरतो? पुढच्या वर्षी तीच जमीन आपल्याकडे राहील याची त्याला खात्री नसते म्हणून. भारतीय फुटबॉलची जमीनही अशीच मुदतीच्या कराराने दिलेली होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी, सातशे कोटी रुपयांच्या मोबदल्यात, व्यापारी हक्क एका खाजगी भागीदाराकडे सोपवले. त्या कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार हे सर्वांना पंधरा वर्षे ठाऊक होते. तरीही त्यानंतर काय, याचा निर्णय वेळेत झाला नाही. जुलै २०२५ मध्ये नवा मोसम स्थगित झाल्याचे संघांना कळवण्यात आले. काही संघांनी सराव थांबवला, काहींनी वेतन रोखले. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या घटनेला मान्यता दिली. त्यानंतर हक्कांसाठी निविदा मागवण्यात आल्या, परंतु एकही बोली आली नाही. ज्या बाजारात पंधरा वर्षांपूर्वी सातशे कोटी मिळाले होते, त्याच बाजारात ग्राहक फिरकू नये, ही घटना स्वतःच पुष्कळ बोलकी आहे. क्षितिजच जेथे वर्षभराचे असेल तेथे पाच वर्षांचा संघ कोण बांधणार?

दुसरे कारण याहूनही मूलगामी आहे. या स्पर्धेत खाली पडण्याची भीती नाही. इंग्लंड-स्पेनपासून तो जपानपर्यंत तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात आणि खालचे वर येतात. इंडियन सुपर लीगमध्ये खालून वर येण्याचा मार्ग २०२३ पासून किलकिला झाला. पंजाब आणि त्यानंतर मोहमेडन स्पोर्टिंग हे संघ त्या वाटेने आले. परंतु २०२४-२५ च्या मोसमापर्यंत वरून खाली जाण्याची वाट बंदच होती; त्या वर्षी तळाशी, तेराव्या क्रमांकावर राहिलेल्या मोहमेडनला त्याची किंमत मोजावी लागली नाही. जेथे शेवटच्याला शिक्षा नाही तेथे सहाव्याला चिंता कसली? स्पर्धेत उतरूनही स्पर्धेचे भय नसावे, ही सवलत भात गिरणीच्या मालकाला मिळत नाही, किराणा दुकानदाराला मिळत नाही. ती मक्तेदारालाच मिळते. मक्त्याचे दुष्परिणाम अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सापडतात. मालाची प्रत खालावते आणि ग्राहकाला तक्रार करायला जागा राहत नाही.

डिसेंबर २०२५ या एका महिन्यात घडलेल्या तीन घटना शेजारी शेजारी ठेवल्या तर या व्यवस्थेचे चित्र पूर्ण होते. ८ डिसेंबरला तो पंधरा वर्षांचा करार संपला. १४ डिसेंबरला लिओनेल मेस्सी मुंबईत आला आणि वानखेडे मैदान प्रेक्षकांनी गजबजून गेले. आणि २६ डिसेंबरला सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीमधील आपला हिस्सा सोडून दिला. स्पर्धेच्या भवितव्याविषयीची अनिश्चितता हे कारण देण्यात आले. ज्या शहराला फुटबॉलच्या एका पाहुण्याचे दर्शन घेण्यासाठी पैसा आणि उत्साह कमी पडला नाही, त्याच शहराच्या संघातून जगातील सर्वांत अनुभवी मालक बारा दिवसांनी बाहेर पडला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून चौदा संघांची, एक्क्याण्णव सामन्यांची, एकेरी फेरीची स्पर्धा घेण्याची घोषणा केली. प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदाच खेळणार, म्हणजे नेहमीच्या साखळीचा निम्माच प्रपंच. रुग्ण वाचला हे खरे. पण त्यामुळे रोग बरा झाला असे म्हणता येणार नाही.

मुंबई सिटीचे मूळ मालक संघ पुढे चालवण्यास उभे राहिले, ही समाधानाची गोष्ट आहे. कारण महाराष्ट्रातील व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास पाहिला तर तो बंद पडलेल्या संघांची यादी वाटावा असा आहे. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला. पुणे एफसी २०१५ च्या सुमारास गेला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स हे दोन्ही संघ २०१७ मध्ये मावळले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि स्पर्धेतील त्याची जागा हैदराबादला मिळाली. यांपैकी एकही संघ प्रेक्षकांच्या इच्छेने बंद झाला नाही; प्रत्येकाचा निर्णय संचालकांच्या बैठकीत झाला.

यांतील मुंबई एफसीची कथा विशेष उद्बोधक आहे. मुंबईतच खेळून मोठे झालेले खालिद जमील यांनी २००९ पासून सुमारे सात वर्षे हा संघ सांभाळला. साधने तुटपुंजी, मोबदला बेताचा, पण दरवर्षी ते संघाला आय-लीगमध्ये टिकवून ठेवत. २०१६ च्या उन्हाळ्यात हा संबंध संपला. जमील ऐझॉलला गेले. हा मिझोरामचा संघ आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत गेलेला होता. गोव्यातील धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या संघांनी महासंघाच्या धोरणाच्या निषेधार्थ अंग काढून घेतले म्हणून त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. त्या संघाला घेऊन जमील यांनी २०१६-१७ चे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले आणि त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला व संपला. एका माणसाची किंमत न कळल्याने काय होते, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हेच जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

जुन्या पिढीतील वाचकांना येथे मुंबईच्या कचेऱ्यांच्या व गिरण्यांच्या संघांची आठवण होईल. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, बँका यांचे संघ कूपरेजवर खेळत. त्या व्यवस्थेत झगमगाट नव्हता आणि प्रेक्षकही पुढे पुढे विरळ झाले. पण तिच्यात एक मोठा गुण होता. खेळाडूला नोकरी मिळे. गुडघा दुखावला तरी मस्टरवर नाव राहत असे, निवृत्तिवेतन असे, मुलांच्या शिक्षणाची सोय असे. छोट्या गावातील बाप मुलाला चेंडूमागे धावू देत असे तो रेल्वेची नोकरी लागेल या आशेवर. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा या शतकाच्या प्रारंभी बंद पडली, कचेऱ्यांनी खेळाडूंची भरती कमी केली आणि ती आशाही विझली. तिच्या जागी नवी व्यवस्था आली ती अधिक मोबदल्याची पण एक-दोन वर्षांच्या कराराची. २०२५ च्या उन्हाळ्यात ज्या खेळाडूंचे वेतन थांबले, त्यांतील सारेच काही लक्षाधीश नव्हते. राखीव गोलरक्षक, युवा संघाचा प्रशिक्षक, मैदान राखणारा माळी यांचेही घर त्याच पैशावर चालत होते.

मग भक्कम पाया कोणाचा? कोलकात्याकडे पाहावे. मोहन बागान १८८९ पासून उभा आहे, कारण तो सभासदांचा आहे. २०२० मध्ये दुसऱ्या एका व्यावसायिक संघाशी त्याचे विलीनीकरण झाले आणि त्या संघाचे नाव मोहन बागानच्या आधी लागले. पाठीराख्यांनी तीन वर्षे विरोध केला आणि २०२३ मध्ये ते नाव काढून टाकावे लागले. मालकाकडे पैसा आहे, पण पाठीराख्यांकडे नकाराधिकार आहे. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार असे पेठापेठांचे संघ पिढ्यान्पिढ्या खेळत आहेत. शाहू स्टेडियमवरील सामन्याला गाव लोटतो. या संघांमागे कोणताही परदेशी समूह नाही. तालीम आहे, पेठ आहे, ईर्ष्या आहे. २०१७ च्या कुमार विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. कोल्हापूरकडे भांडवल नाही पण मूळ आहे. मुंबईकडे भांडवल होते पण मूळ रुजले नाही. या दोहोंची गाठ कोणी घातली नाही, हे महाराष्ट्राच्या फुटबॉलचे दुर्दैव होय.

गोंदियाने या साऱ्याची फिकीर का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. मुंबईचा एक संघ हरला काय आणि जिंकला काय, देवरी-सालेकशाच्या मुलाला त्याचे काय? याचे उत्तर असे की त्या मुलाला त्याचे काहीच वाटू नये, हेच या व्यवस्थेचे अपयश आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, कुमार विश्वचषकाच्या निमित्ताने, राज्यभर एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. चेंडू वाटले गेले, छायाचित्रे निघाली. दुसऱ्या दिवशी काय, हा प्रश्न मात्र राहिला. मेस्सीच्या भेटीच्या वेळी राज्य शासनाने निवडक मुलामुलींना प्रशिक्षण देण्याचा महादेवा उपक्रम जाहीर केला. हेतू चांगला आहे. पण निवड झालेली मुले पुढे कोणत्या संघात जाणार? ज्या राज्यात अव्वल श्रेणीचा संघ एकच आणि तोही डळमळीत, तेथे शिकवून तयार केलेला खेळाडू अखेर दुसऱ्या राज्याच्या कामी येणार. नागपूरमध्ये प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांना चेंडू देऊन काय साधते, हे दाखवून दिले. २०२२ मध्ये त्यावर चित्रपटही आला. टाळ्या पडल्या. विदर्भात बारा महिने चालणारी, मुलांना वर चढण्याची शिडी देणारी साखळी मात्र त्या टाळ्यांतून उभी राहिली नाही.

उपाय अवघड नाहीत, फक्त त्यांचे फळ एका मोसमात दिसणार नाही. महासंघाने व्यापारी हक्कांचा पुढील करार करताना चढ-उताराची वाट दोन्ही बाजूंनी खुली ठेवली पाहिजे. तळाशी राहण्याची किंमत असेल तरच उन्हाळ्यातील निर्णय जपून घेतले जातील. संघांनी आपल्या उत्पन्नाचा ठराविक भाग युवा संघांवर खर्च करावा, ही अट कागदावर न राहता तपासली गेली पाहिजे. आंतरराष्ट्रीय बदल्यांच्या रकमेतील पाच टक्के हिस्सा, खेळाडूला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांदरम्यान घडवणाऱ्या संघांना देण्याचा नियम जागतिक महासंघाने केलेला आहे. त्याच धर्तीचा नियम देशांतर्गत व्यवहारांत काटेकोरपणे अमलात आला, तर तालुक्याच्या ठिकाणी चेंडू आणि बूट पुरवणाऱ्या एखाद्या लहान मंडळाच्याही पदरात काही पडेल. आणि मुंबई सिटीपुरते बोलायचे, तर आता मालकी पुन्हा आपल्याकडे आलेली असताना संघाने आपल्या पाठीराख्यांना सभासदत्वाचा काही हक्क द्यावा. ज्याचा हक्क असतो तो वाईट मोसमातही मैदानावर येतो. ज्याच्याजवळ फक्त तिकीट असते तो घरी बसतो.

पूर्व विदर्भात गावोगावी मामा तलाव आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी आणि त्या काळच्या मालगुजारांनी ते बांधले. मालगुजारी गेली, बांधणाऱ्यांची नावेही बहुतेक ठिकाणी विसरली गेली, पण जेथे गावाने गाळ काढला आणि पाळ राखली तेथे आजही त्या पाण्यावर धानाची रोवणी होते. जेथे गावाने तलाव दुसऱ्याचा मानला तेथे तो गाळाने भरला. फुटबॉल संघाची गोष्ट वेगळी नाही. मोठे मालक येतील आणि जातील. एखाद्या वर्षी सहावे स्थान मिळेल, एखाद्या वर्षी करंडक. खरा हिशेब इतकाच की पाणी कोणाच्या शेतात पोहोचले आणि पुढच्या रोवणीसाठी कोठीत बियाणे उरले की नाही. गेल्या काही उन्हाळ्यांत ते उरले नाही. येत्या उन्हाळ्यात तरी ते विकले जाऊ नये.